कॉम्प्युटरची पॉवर केबल : तारेपेक्षा जोडाकडे लक्ष द्या

ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमधला पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) बाजारात आले आणि काही दिवसांतच त्याच्या वीजपुरवठ्याच्या कनेक्टरचे प्लास्टिक वितळल्याची छायाचित्रे जगभर फिरू लागली. पुढच्याच महिन्यात कंपनीने आपल्याकडे अशा सुमारे ५० घटनांची नोंद झाल्याचे सांगितले आणि कनेक्टर पूर्णपणे आत न बसणे हे त्यामागचे एक सामाईक कारण असल्याचेही स्पष्ट केले. नंतर कनेक्टरच्या रचनेत सुधारणा झाली, तरीही २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५०९० आले तेव्हा तशाच तक्रारी पुन्हा ऐकू आल्या.

बहुतेक वाचकांच्या घरी इतके महागडे कार्ड नसते आणि त्याची चिंता करण्याचेही त्यांना कारण नाही. मात्र त्या वितळलेल्या प्लास्टिकमागचे कारण आणि आपल्या टेबलामागे धुळीत पडलेल्या काळ्या कॉर्डचा टॉप (सॉकेटात खोचायचा प्लग) तपकिरी पडण्यामागचे कारण एकच आहे. वीज वाहून नेणारी केबल तिच्या मधल्या भागात क्वचितच बिघडते; ती बिघडते टोकांशी, म्हणजे जिथे धातूला धातू टेकतो तिथे. आपण केबल घेताना तिची जाडी, लांबी आणि किंमत बघतो, परंतु टोके कशी आहेत आणि ती कशात जाऊन बसणार आहेत हे बघत नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

## वॉट, व्होल्ट, अँपिअर : एवढेच गणित पुरे

आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. एखादे उपकरण किती वीज खाते ते वॉटमध्ये सांगतात, आणि तारेतून प्रत्यक्ष किती प्रवाह वाहतो ते अँपिअरमध्ये. वॉटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. मॉनिटरसह ३०० वॉट घेणारा कॉम्प्युटर म्हणूनच सुमारे १.३ अँपिअर प्रवाह घेतो. साधा ऑफिसातला कॉम्प्युटर याहूनही कमी घेतो, आणि लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर तर अर्धा अँपिअरही घेत नाही.

आता भिंतीवरच्या सॉकेटकडे पाहू. आपल्याकडे आयएस १२९३ या भारतीय मानकानुसार लहान सॉकेट ६ अँपिअरचे आणि मोठे १६ अँपिअरचे असते. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॉट, आणि १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॉट. कॉम्प्युटर एकटा असेल तर लहान सॉकेटच्या क्षमतेचा चौथा हिस्साही तो वापरत नाही. कॉम्प्युटरसाठी ‘पॉवर पॉइंट’ हवाच, असे अनेक घरांत मानतात आणि त्यासाठी मोठ्या सॉकेटात लहान टॉप बसवण्याचे नाना प्रकार करतात. त्याची काहीच गरज नसते.

प्रवाह इतका कमी असेल, तर मग टॉप जळतात कसे?

## तार तापत नाही, जोड तापतो

प्रत्येक वाहक प्रवाहाला थोडाफार अडथळा करतो. या अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. रोधामुळे उष्णता निर्माण होते, आणि ती किती होणार हे प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून काढता येते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हा या सूत्राचा सर्वांत महत्त्वाचा अर्थ.

कॉम्प्युटरच्या कॉर्डमध्ये बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाची (म्हणजे आडव्या कापाच्या क्षेत्रफळाची) तांब्याची तार असते. अशा दीड मीटर कॉर्डचा जाऊन-येऊन एकूण रोध ०.०८ ओहमच्या आसपास भरतो. १.३ अँपिअर प्रवाहावर त्यात एक वॉटच्या सातव्या हिश्श्याइतकीही उष्णता होत नाही. पूर्ण ६ अँपिअर वाहू दिले तरी जेमतेम ३ वॉट, आणि तीही दीड मीटरभर पसरलेली. हाताला ती फारशी जाणवतही नाही.

सैल जोडाचे गणित मात्र वेगळे आहे. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षांच्या वापराने फाकतात, पिनेवर काळा थर चढतो, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या दमट हवेने पिना हिरवट पडतात, आणि मग पिन व पट्टी एखाददुसऱ्या बिंदूवरच टेकतात. तेवढ्या एका बिंदूचा रोध एक ओहमपर्यंत गेला असे धरू. त्यातून नुसत्या कॉम्प्युटरचा १.३ अँपिअर प्रवाह गेला, तर पावणेदोन वॉट उष्णता होईल. पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर लेझर प्रिंटरही असेल आणि तो आपला रूळ तापवण्यासाठी काही क्षण ८००-१००० वॉट ओढत असेल, तर एकूण प्रवाह ५ अँपिअरच्या पुढे जाईल आणि त्या एका बिंदूवर २५ वॉट उष्णता साचेल. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले सोल्डरिंग आयर्नही साधारण २५ वॉटचेच असते. तेवढ्या उष्णतेत शिसे-कथलाचे सोल्डर वितळते; मग टॉपचे पीव्हीसी किती टिकणार?

शिवाय हे चक्र स्वतःला वाढवत नेणारे असते. उष्णतेने पट्टीचा ताण जातो, ताण गेला की जोड आणखी सैल होतो, सैल झाला की बारीक ठिणग्या उडून काजळी धरते, काजळीमुळे रोध वाढतो आणि उष्णताही. म्हणून टॉप ‘थोडासाच’ तपकिरी झाला आहे, अजून चालतोय, असे म्हणून तो तसाच लावून ठेवणे योग्य नाही. रंग बदलला म्हणजे पट्टीचा ताण आधीच गेलेला असतो. अशा वेळी नुसता टॉप बदलूनही भागत नाही, कारण भिंतीतल्या सॉकेटची पट्टीही त्याच उष्णतेत भाजलेली असते आणि नवा टॉप ती काही दिवसांत पुन्हा काळा करते. दोन्ही बदलावे लागतात.

तपासायचे कसे? कॉम्प्युटर तासभर चालू राहू द्यावा, मग भिंतीवरचे बटन बंद करून टॉप बाहेर काढावा आणि लगेच पिनांच्या मुळाशी बोट लावून पाहावे. निरोगी जोड खोलीच्या तापमानाइतकाच, फार तर किंचित कोमट लागतो. पिन गरम लागली, टॉप काढताना काहीच जोर लागला नाही, किंवा बटन चालू असताना सॉकेटमधून चुरचुर आवाज येत असेल, तर ते सॉकेट त्या दिवसापासून वापरू नये.

## पण एमसीबी आहे ना?

ही शंका अगदी स्वाभाविक आहे. मीटरजवळच्या डब्यात एमसीबी बसवलेला असतो आणि काही गडबड झाली की तो पडतो, हा अनुभव सर्वांना आहे. तथापि, एमसीबी फक्त दोनच गोष्टी ओळखतो : ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह, आणि शॉर्ट सर्किट. वर सांगितलेल्या सैल जोडातून ५ अँपिअर प्रवाह वाहत असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तिथे काहीही बिघडलेले नसते. टॉप वितळून फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) एकमेकांना चिकटतील तेव्हा तो पडेल, पण तोवर नुकसान होऊन गेलेले असेल.

एमसीबीच्या शेजारी कधीकधी आरसीसीबी नावाचे दुसरे उपकरण असते; जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, याची ते तुलना करते आणि घरगुती वापरात साधारणपणे ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की पुरवठा तोडते. माणसाला शॉक बसतो तेव्हा जीव वाचवणारे उपकरण हेच, आणि ज्यांच्या घरी ते नाही त्यांनी इतर कोणत्याही खर्चाआधी तो खर्च करावा असे माझे ठाम मत आहे. परंतु सैल जोड त्यालाही दिसत नाही, कारण तिथे जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच असतो.

याला जोडून एक आपल्याकडची अडचण आहे. ब्रिटनमधल्या प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, त्यामुळे तिथली बारीक कॉर्ड तिच्या प्लगपाशीच सुरक्षित होते. आपल्या थ्री पिन टॉपमध्ये फ्यूज नसतो. ६ आणि १६ अँपिअरचे दोन्ही टॉप बसतील अशा सॉकेटात आपण बारीक कॉर्डचा टॉप खोचतो, तेव्हा त्या कॉर्डच्या रक्षणासाठी पाठीमागे फक्त १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी उभा असतो. कॉर्डला जुळणारी मर्यादा आपणच पाळावी लागते.

## कॉर्डवरची अक्षरे वाचा

कॉम्प्युटरच्या मागे जे तीन चपट्या छिद्रांचे टोक बसते, त्याला आंतरराष्ट्रीय मानकात सी-१३ म्हणतात. ते १० अँपिअरपर्यंत चालते आणि डेस्कटॉप, मॉनिटर, प्रिंटर यांना बहुधा हेच लागते. लॅपटॉपच्या चार्जरला लागणारे तीन गोल पाकळ्यांचे टोक सी-५, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन छिद्रांचे टोक सी-७. या दोन्हींची मर्यादा अडीच अँपिअर. मोठ्या सर्व्हरसाठी १६ अँपिअरचे सी-१९ असते. ही टोके आकारानेच इतकी वेगळी ठेवली आहेत की एकाच्या जागी दुसरे सहसा बसत नाही.

टोक बरोबर आहे हे पाहिल्यावर कॉर्ड हातात धरून उजेडात तिच्यावरची अक्षरे वाचावीत. चांगल्या कॉर्डच्या आवरणावर तारांची संख्या आणि छेद छापलेला वा ठशाने उमटवलेला असतो, उदाहरणार्थ ‘३ × ०.७५’, म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा. कित्येक कॉर्डवर ‘एच०५व्हीव्ही-एफ’ असा संकेत दिसतो. त्यातला ‘एच०५’ म्हणजे ३००/५०० व्होल्टची क्षमता, दोन ‘व्ही’ म्हणजे आतले आणि बाहेरचे अशी पीव्हीसीची दोन आवरणे, आणि ‘एफ’ म्हणजे लवचीक. दोन मीटरपर्यंतच्या कॉर्डला ०.७५ चा छेद पुरतो, त्याहून लांब हवी असेल तर १ चौरस मिलिमीटरची घ्यावी. थ्री पिन टॉपवर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक, ६ अँपिअर व २५० व्होल्ट ही क्षमता आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असावा. तो क्रमांक खरा आहे की नाही, हे भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून पाहता येते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या कॉर्डचे ढीग असतात आणि त्यांत चांगला मालही असतो, पण ज्या कॉर्डवर एकही अक्षर नाही ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. अशा कॉर्डमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम किंवा पोलादही असू शकते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, ते वारंवार वाकवल्यावर लवकर तुटते आणि स्क्रूखाली दाबल्यावर हळूहळू सपाट होऊन जोड सैल करते. कापलेल्या टोकाची तार चाकूने खरवडली आणि आत पांढरी चकाकी दिसली, तर ते तांबे नव्हे. लोहचुंबकाला तार चिकटली तर आत पोलाद आहे. जी कॉर्ड जाड असूनही हाताला हलकी लागते, तिच्यात बहुतेक जाडी नुसत्या प्लास्टिकची असते.

## दोन पिनांवरही कॉम्प्युटर चालतोच की!

चालतो, आणि म्हणूनच सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. कॉम्प्युटर चालायला फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा लागतात. तिसरी, हिरवी-पिवळी तार अर्थिंगची. ती रोजच्या कामात काही करत नाही, पण संकटाच्या वेळी सगळे तिच्यावरच असते. फेजची तार सुटून कॅबिनेटच्या पत्र्याला लागली, तर तो प्रवाह अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि एमसीबी वा आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० व्होल्टवर तसाच राहतो आणि पुढचा हात लागण्याची वाट पाहतो. थ्री पिन टॉपची वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती याचसाठी : टॉप खोचताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे.

कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मंद पेटतो, अशी तक्रार अनेक घरांत असते. त्यावर ‘कॉम्प्युटरला थोडा करंट असतोच’ असे सांगून वेळ मारून नेली जाते. खरे कारण असे की, कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी फेज आणि कॅबिनेट, तसेच न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांच्यातून अगदी किंचित प्रवाह अर्थिंगकडे झिरपत राहावा, अशीच ती रचना असते. अर्थिंग तुटलेले असले की त्या प्रवाहाला वाट राहत नाही आणि कॅबिनेट फेज व न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहते. एका यंत्राचा हा प्रवाह साधारणपणे एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर असतो, म्हणून तो फक्त झिणझिण्यांवर भागतो. पण एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर आणि स्पीकर असतील आणि त्या बोर्डाची अर्थिंगची तार आतून तुटलेली असेल, तर सर्वांचा झिरपलेला प्रवाह एकत्र होऊन हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. एचडीएमआयची केबल लावताना टीव्हीचा किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट जळतो, त्यामागेही कित्येकदा हेच तरंगणारे कॅबिनेट असते.

झिणझिण्या येणे हा कॉम्प्युटरचा दोष नसून घराच्या वायरिंगने दिलेली सूचना आहे. ती मिळाली की वायरमनला बोलावून सॉकेटपाशी मीटर लावायला सांगावे. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसले तर सारे ठीक आहे. अर्थ जोडलेलाच नसेल तर हे आकडे जुळणार नाहीत. कधीकधी दोष घरात नसून इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात असतो. मीठ-कोळसा भरलेला तो खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि कातळाच्या जमिनीत तर चांगले अर्थिंग मिळवणे मुळातच कठीण असते. सोसायटीच्या सभेत लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीबरोबर या खड्ड्याचीही चौकशी व्हायला हवी.

इथे एका घातक उपायाबद्दल सांगितलेच पाहिजे. अर्थिंग सापडत नाही म्हणून काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात आणि घरमालक खूश होतो. परंतु ज्या दिवशी न्यूट्रलची तार मागे कुठेतरी तुटेल किंवा सुटेल, त्या दिवशी कॅबिनेटचा पत्रा चालू उपकरणांमार्फत सरळ फेजवर येईल. कोणी असे करत असेल तर त्याला तिथेच थांबवावे.

थ्री पिन टॉप टू पिन सॉकेटात बसत नाही म्हणून वरची पिन मोडून टाकणे, किंवा ज्यात अर्थचा संपर्कच नाही असा मल्टिप्लग मध्ये लावणे, याचा अर्थ आता वेगळा सांगायला नको. ज्या चार्जरला मुळातच दोन पिना असतात, त्याची गोष्ट वेगळी : त्याच्या लेबलवर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतात, म्हणजे त्याला दुहेरी आवरण आहे आणि अर्थिंगची गरज नाही.

## स्पाइक गार्ड आणि यूपीएस

‘स्पाइक गार्ड लावला आहे, आता काळजी नाही’ हाही एक मोठा गैरसमज. त्याच्या आत असणारा छोटासा घटक दाब एकदम उसळला की तो जादा दाब वळवून देतो, आणि त्यातला बराचसा वळवण्याची जागा म्हणजे अर्थिंग. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचे निम्मे काम तिथेच थांबते. शिवाय प्रत्येक उसळीबरोबर तो घटक थोडाथोडा झिजतो. गार्डवरचा संरक्षणाचा दिवा विझला असेल तर ते फक्त एक्स्टेन्शन बोर्ड उरले आहे असे समजावे.

एक्स्टेन्शन बोर्डाला पाच सॉकेट आहेत म्हणून पाच उपकरणे पूर्ण भाराने चालवता येतील असे नसते. पाचांचा एकूण प्रवाह त्याच्या एकाच कॉर्डमधून आणि एकाच टॉपमधून जातो, आणि ती मर्यादा बहुधा ६ अँपिअरचीच असते. कॉम्प्युटर, मॉनिटर, राउटर आणि स्पीकर मिळूनही सहसा दोन अँपिअर ओलांडत नाहीत, म्हणून ते निर्धास्तपणे एका बोर्डावर लावावेत. इस्त्री, हीटर, पाणी तापवायची किटली आणि लेझर प्रिंटर मात्र भिंतीवरच्या स्वतंत्र सॉकेटात. एका एक्स्टेन्शनला दुसरे एक्स्टेन्शन लावू नये, कारण प्रत्येक जादा टॉप म्हणजे तापू शकणाऱ्या जोडांची आणखी एक जोडी. लांब कॉर्डची गुंडाळी करून ती घट्ट बांधून ठेवू नये, सतरंजीखालून नेऊ नये, आणि वर्षातून एकदा तरी टेबल पुढे ओढून कॉर्ड उंदरांनी कुरतडलेली नाही ना, हे पाहावे.

यूपीएस नेहमी थेट भिंतीवरच्या सॉकेटात लावावा. ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपासच भार पेलतो, त्यामुळे त्याच्या मागच्या बाजूला फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर असावेत. लेझर प्रिंटर त्यावर लावला, तर रूळ तापण्याच्या पहिल्याच क्षणी यूपीएस किंचाळेल किंवा बंद पडेल.

## टॉप बदलायची वेळ आली तर

साच्यातून आलेला अखंड टॉप खराब झाला तर शक्यतो संपूर्ण कॉर्डच बदलावी. ती महाग नसते. काही कारणाने स्क्रूचा टॉप बसवावाच लागला तर तो नीट बसवणे ही हस्तकला आहे. कॉर्ड दोन्ही टोकांनी सुटी केल्यावरच हात घालावा. तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थिंगची. जुन्या कॉर्डमध्ये याच क्रमाने लाल, काळी आणि हिरवी असते. भिंतीवरच्या सॉकेटकडे तोंड करून, अर्थचे मोठे छिद्र वर ठेवून पाहिले तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असते. टॉप उघडल्यावर आतून पाहताना ही डावी-उजवी बाजू उलटी वाटू शकते, म्हणून पिनांशेजारी कोरलेली अक्षरेच प्रमाण मानावीत.

अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवावी. कॉर्डला हिसका बसून तारा निसटल्याच, तर फेज आधी सुटेल आणि अर्थ सर्वांत शेवटी. तारेचे बारीक धागे एकत्र पिळून, स्क्रू ज्या दिशेला आवळला जातो त्याच दिशेने त्याच्याभोवती घालावेत. एकही धागा बाहेर राहता कामा नये. धाग्यांना सोल्डर लावून स्क्रूखाली दाबण्याची पद्धत नीटनेटकी दिसते, पण ती टाळावी, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल होतो. कॉर्डला धरून ठेवणारी पट्टी बाहेरच्या आवरणावर घट्ट बसली पाहिजे, आतल्या रंगीत तारांवर नव्हे. आणि मधेच तुटलेली कॉर्ड पिळून, टेप गुंडाळून जोडणे हा पर्याय नाही; ती टाकून द्यावी.

जोडण्याचा क्रमही ठरलेला असावा. भिंतीवरचे बटन बंद, पॉवर सप्लायवरचे बटन बंद, मग कॉर्डचे सी-१३ टोक यंत्रात शेवटपर्यंत सरळ दाबून, त्यानंतर टॉप सॉकेटात, आणि शेवटी बटने चालू. काढताना नेमके उलटे. सी-१३ टोक बहुतेक यंत्रांत नुसत्या घर्षणाने बसलेले असते आणि टेबल हलवताना अर्धवट बाहेर येते. कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप बंद पडतो अशी तक्रार असेल तर आधी तेच दाबून पाहावे.

## परदेशातून आणलेली कॉर्ड

अमेरिका, ब्रिटन किंवा जर्मनीतून घरी परतणारे, अथवा मुलांकडे जाऊन येणारे आईवडील तिथले मॉनिटर आणि लॅपटॉप बरोबर आणतात. हल्लीचे पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालतात. यंत्राच्या लेबलवर तसे लिहिलेले असते. काही जुन्या डेस्कटॉपच्या मागे मात्र ११५ आणि २३० अशी छोटी लाल सरकपट्टी असते. ती ११५ वर ठेवून आपल्याकडे लावली तर पॉवर सप्लाय त्याच क्षणी फुटतो.

कॉर्डची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या प्लगवर १२५ व्होल्ट ही मर्यादा छापलेली असते, तेव्हा तो नुसत्या पिनांचा आकार बदलणाऱ्या कन्व्हर्टरने २३० वर कायमचा चालवणे त्या मर्यादेबाहेरचे आहे. युरोपातल्या जाड गोल प्लगच्या दोन्ही पिना आपल्या लहान सॉकेटात बसतात, पण त्याचे अर्थिंग कडेच्या पट्ट्यांवर असते आणि आपल्या सॉकेटात त्या कशालाच टेकत नाहीत. तिथल्या चपट्या टू पिन प्लगची पिन ४ मिलिमीटरची, तर आपली सुमारे ५ मिलिमीटरची. म्हणून तो आपल्या सॉकेटात डुगडुगतो आणि ठिणग्या टाकतो. यंत्राकडचे सी-१३ टोक जगभर सारखेच असल्याने आपल्या टॉपची, आयएसआय चिन्हाची नवी कॉर्ड घेणे हा कन्व्हर्टरपेक्षा स्वस्त आणि सरळ उपाय आहे.

## कॅबिनेटच्या आत

कॅबिनेटच्या आत पॉवर सप्लाय २३० व्होल्टचे मुख्यतः १२ व्होल्ट करतो. दाब कमी झाला की तेवढ्याच वॉटसाठी प्रवाह वाढतो. भिंतीवर ६०० वॉटला २.६ अँपिअर पुरतात, तर १२ व्होल्टवर त्याच ६०० वॉटना ५० अँपिअर लागतात. सुरुवातीला सांगितलेल्या कार्डाच्या कनेक्टरमध्ये हा प्रवाह सहा पिनांत वाटला जातो, म्हणजे प्रत्येकीवर ८.३ अँपिअर, आणि त्या पिनेची क्षमता साडेनऊ अँपिअरच्या आसपास. दोन पिना नीट टेकल्या नाहीत तर उरलेल्या चौघींवर प्रत्येकी साडेबारा अँपिअर येतात, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. म्हणून असा कनेक्टर खटका ऐकू येईपर्यंत आणि मधली फट दिसेनाशी होईपर्यंत दाबावा, आणि टोकापासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नये. जुन्या पद्धतीच्या आठ पिनांच्या कनेक्टरला १५० वॉटचीच मर्यादा असल्याने तिथे ही वेळ सहसा येत नाही.

आतल्या केबलींबाबत एक धोका फारसा कोणाला माहीत नसतो. काही पॉवर सप्लायच्या केबली सुट्या असतात आणि दोन्हीकडे खोचायच्या असतात. मदरबोर्ड किंवा डिस्ककडचे टोक सर्वत्र सारखे असते, पण पॉवर सप्लायकडच्या टोकात कोणत्या पिनेवर किती व्होल्ट, हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळे असू शकते. जुन्या सप्लायची केबल नव्यात अलगद बसते आणि बटन दाबताच ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते, त्यातल्या वर्षानुवर्षांच्या छायाचित्रांसकट. पॉवर सप्लाय बदलताना जुन्या केबली एकही मागे न ठेवता काढाव्यात, सप्लायबरोबर एकाच पिशवीत भराव्यात आणि पिशवीवर मॉडेलचे नाव लिहून ठेवावे.